धावणं, पियानो आणि मैत्रिणी : तिन्हींतलं एकच धरू का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई साताऱ्याच्या, वय ६४, बँकेतून रिटायर झालेल्या. पन्नाशीच्या आसपास तीन मैत्रिणींबरोबर पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालायला जायला लागल्या, चालता चालता पळायला लागल्या आणि पुढे साताऱ्याची यवतेश्वरच्या घाटातली २१ किलोमीटरची हिल हाफ मॅरेथॉनसुद्धा केली. रिटायरमेंटनंतर नातीसाठी डिजिटल पियानो घेतला, नात आईवडिलांबरोबर बेंगळुरूला गेली, पियानो इथंच राहिला, म्हणून यांनी स्वतःच क्लास लावला. शाळेत असताना पेटी शिकल्या होत्या, प्रवेशिकेपर्यंत परीक्षा दिलेल्या. आता म्हणतात सगळीकडेच उतरती कळा लागलीय. छप्पन्नाव्या वर्षी हाफ २ तास ३५ मिनिटांत झाली होती, यंदा ३ तास ५ मिनिटं लागली. क्लासच्या कार्यक्रमात लहान लहान पोरांसमोर वाजवताना मधेच ब्लँक झाल्या आणि उठून आल्या. तिघी मैत्रिणींपैकी एक नातवंड सांभाळायला पुण्याला गेली, एकीचा गुडघा बदलला, एकीचे मिस्टर गेल्या वर्षी वारले तेव्हापासून ती बाहेर पडत नाही. गेलं दीड वर्ष ताई एकट्याच, आठवड्यातून जेमतेम दोनदा पळतात. मुलगा फोनवर म्हणतो आई आता पुरे. मिस्टर म्हणतात तू नक्की कुणासाठी पळतेस. त्यांचा प्रश्न : "तिन्ही गोष्टी धरून ठेवायची ताकद आता नाही. एकच नीट धरावी आणि दोन मानानं सोडाव्यात असं वाटतं. कुठली धरू? आणि पुढच्या वर्षी हाफला नाव देऊ का?"

ताई, नमस्कार. काकू म्हणत नाही, कारण मीही पन्नाशी ओलांडलीय आणि मला भाजीवाला काकू म्हणाला की अजून राग येतो.

तुमचं पत्र मोठं आहे, वर फक्त गाभा घेतलाय. पण पूर्ण पत्र वाचताना एक गोष्ट डोळ्यात भरली ती आधी सांगते. धावण्याबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय, कुठल्या वर्षी किती मिनिटं, यवतेश्वरच्या घाटात कुठं दम लागला, उतरताना गुडघा कुठं दुखला. पियानोबद्दलही तसंच, कुठल्या ओळीला हात थांबला ते सुद्धा. आणि मैत्रिणींबद्दल चार ओळी. त्या चार ओळींत "येत नाही" हे तीनदा आलंय. एक येत नाही कारण पुण्यात आहे, दुसरी येत नाही कारण गुडघा, तिसरी येत नाही कारण मन नाही.

तुम्ही तीन छंद एका रांगेत उभे केलेत आणि मला विचारताय यातला कुठला ठेवू. पण तुमच्याच पत्रावरून मला दिसतं की हे तीन सुटे छंद कधी नव्हतेच. तुम्ही धावायला लागलात ते धावायची आवड होती म्हणून नाही, चौघी मिळून गडावर जायच्या आणि खाली आल्यावर टपरीवर चहा प्यायच्या म्हणून. तेव्हा टायमिंग सुधारलं ते चौघींतल्या चढाओढीनं आणि एकीनं दुसरीला पहाटे फोन करून उठवण्यानं. ते बंद झालं, मग आठवड्यातले सहा दिवस दोनवर आले, मग टायमिंग घसरलं, आणि तुम्ही पावती वयाच्या नावानं फाडली. वयाचा वाटा आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण आधी हिशोब तर नीट करू, तुम्ही बँकेतल्या आहात.

वयाचा वाटा असा. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजतात, व्हीओटू मॅक्स म्हणतात त्याला, तुमच्या घड्याळात दिसत असेल. ते तिशीनंतर हळूहळू उतरतं. फारसा व्यायाम न करणाऱ्यांत दर दहा वर्षांना साधारण १० टक्के, नियमित पळणाऱ्यांत त्याहून कमी, साठीनंतर उतार जरा वाढतो. स्नायूही कमी होतात, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत हाडं पटकन विरळ होतात. म्हणजे आठ वर्षांत काही मिनिटं जाणारच होती, ती कुणी थांबवू शकत नाही. पण तीसच्या तीस मिनिटं वयावर टाकता येणार नाहीत, कारण मधल्या काळात सरावच निम्म्याहून कमी झालाय. दीड वर्ष आठवड्याला दोनदा पळून तो घाट तीन तास पाच मिनिटांत करणारी बाई खरं तर दणकट आहे, पण हे तुम्हाला कुणी म्हटलेलं दिसत नाही.

आणि ते घड्याळ. तुम्ही लिहिलंय की ते सारखं लाल झोन दाखवतं आणि तुम्ही घाबरून थांबता. बऱ्याच घड्याळांत २२० वजा वय हे जुनं गणित घातलेलं असतं, त्यानं तुमच्या हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके १५६ येतात. २०८ वजा वयाचे ०.७ पट, असं दुसरं गणित आहे, त्यानं १६३ येतात. दोन्ही अंदाजच, माणसामाणसात बराच फरक असतो. त्यामुळं रोजच्या पळण्याला साधी कसोटी ठेवा, पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. (बोलायला शेजारी कुणीतरी लागतं हे तुमच्या लक्षात आलंच असेल.) मात्र छातीत दाबल्यासारखं होणं, चक्कर येणं, नेहमीच्या चढाला अचानक जास्त दम लागणं, यातलं काहीही झालं तर घड्याळ नाही, डॉक्टर. आणि तसं काही होत नसलं तरी हाफचा विचार करायच्या आधी बीपी, शुगर, ईसीजी करून घ्या, डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती. हाडं किती विरळ झालीत ते बघणारी डेक्सा तपासणीही पासष्टीच्या आसपास बायकांनी करून घ्यावी असं सांगतात, त्यांना तेही विचारा.

गुडघ्याबद्दल मुलाला एवढं सांगा की हौशी धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलटच दिसलंय. पण तुमचा त्रास चढाला नाही, उताराला आहे, हे तुम्हीच लिहिलंय. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, आणि ते स्नायू कमजोर असतील तर भार गुडघ्यावर येतो. तेव्हा घाट चढा पळत आणि उतरा चालत, सरावाला तरी. आठवड्यातले तीन दिवस खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पायरीवर टाचा उचलणं, ओट्याशी एका पायावर उभं राहणं. कंटाळवाणं आहे, माहितीय. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगते, आणि आपल्याकडं लोक ते सोडून बाकी सगळं करतात. चार मिनिटं पळा एक मिनिट चाला, ही जेफ गॅलोवेची पद्धतही वापरून बघा, तो स्वतः १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये पळालेला माणूस, त्यानं हजारो हौशी लोकांना असंच पळायला शिकवलं. चाललं की हरलं असं काही नसतं.

इथं लोक फौजा सिंग यांचं उदाहरण देतात, ८९ व्या वर्षी लंडन मॅरेथॉन वगैरे. मोठाच माणूस, पण मी ते देणार नाही, कारण अशा उदाहरणानं साठीतल्या बाईला धीर कमी येतो आणि लाजच जास्त वाटते. त्यापेक्षा आपल्या माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर बघा. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत पहिली यायची, ते सोडून ३००० मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला, वळली आणि २०१६ ला रिओत फायनलला पोचली. अंतर बदललं म्हणून तिला कुणी मागे हटली म्हणालं नाही. तुम्ही २१ किलोमीटर सोडून दहा किंवा पाच केलेत तर ते मागे हटणं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आता पियानो. ब्लँक होण्याचा तुम्ही फारच धसका घेतलाय, "हे विसरण्याच्या आजाराचं लक्षण तर नाही ना" असं लिहिलंय. रोजच्या व्यवहारात गॅस, किल्ल्या, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ, असं काही होत असेल तर जरूर दाखवा. पण नुसतं स्टेजवर ब्लँक होणं हे वीस वर्षांच्या पोरांनाही होतं. तुम्ही तो तुकडा बोटांच्या सवयीवर पाठ केलेला होता, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत एकाच दोरीत. दोरी मधे तुटली की सुरुवातीशिवाय दुसरीकडून धरताच येत नाही. पेटीवर तुम्ही अडला असतात तर तबला चालू असता, तुम्ही समेवर येऊन मिळाला असतात आणि समोरच्याला कळलंही नसतं. इथं तबला नाही. म्हणून तुकड्यात चार-पाच जागा ठरवा जिथून डोळे मिटून सुरू करता येईल, आणि रोजचा रियाझ कधी तिसऱ्या जागेवरून, कधी शेवटच्या जागेवरून सुरू करा. आणि समोर कागद ठेवून वाजवा ना. पाठ वाजवायची पद्धत एकोणिसाव्या शतकात क्लारा शूमान आणि लिस्ट वगैरे पियानोवादकांनी रूढ केली, त्याआधी लोक समोर नोटेशन ठेवूनच वाजवायचे. तुमच्या टीचरना हे मान्य नसेल तर त्यांच्याशी एकदा स्पष्ट बोला, तुम्ही फी देताय.

डावा हात मागे पडतो असं म्हणता. पडणारच! पेटीवर आयुष्यभर डाव्या हातानं भाता मारलाय, बोटं फक्त उजवी चालली. म्हणजे तुमचा उजवा हात जुना विद्यार्थी आहे आणि डावा आत्ता पहिलीत बसलाय, आणि तुम्ही दोघांना एकच पेपर देताय. डाव्याला वेगळा वेळ द्या, दिवसातून दहा-दहा मिनिटं दोनदा, तासभर सलग नको. सकाळी बोटं आखडतात तर रियाझ दुपारी करा. आखडणं अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढं टिकत असेल, सांधे सुजत असतील तर मात्र संधिवाताच्या डॉक्टरांकडं जा, बामावर भागवू नका.

चष्म्याचं मला हटकून विचारायचंय. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असतं तो, घालून वाजवता का? त्यात मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते, नोटेशन दिसावं म्हणून माणूस हनुवटी वर करतो, मान आखडते, आणि ओळ चुकली की वाटतं डोकं चालत नाही. पियानोच्या स्टँडचं अंतर डोळ्यांपासून साधारण ६०-७० सेंटीमीटर येतं. टेपनं मोजा, तेवढ्याच अंतराचा साधा चष्मा करून घ्या. दुकानदाराला "कॉम्प्युटरचा" म्हणालात तरी कळेल.

आर्थर रुबिन्स्टाइन नावाचे मोठे पियानोवादक होते, १९७६ मध्ये ८९ व्या वर्षी थांबले, तेही नजर गेली म्हणून. म्हातारपणी इतकं चांगलं कसं वाजवता असं विचारलं तर त्यांचं म्हणणं तीन गोष्टींचं होतं. तुकडे कमी केले. जे ठेवले त्यांचा रियाझ वाढवला. आणि भरधाव भाग यायच्या आधीचा भाग मुद्दाम जरा संथ वाजवायचा, म्हणजे पुढचा आपोआप वेगवान वाटतो. पॉल बाल्टेस नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी म्हातारपण चांगलं कसं जातं ते समजावताना हेच उदाहरण घेतलं. तुमच्या प्रश्नाला हे अगदी लागू पडतं. रुबिन्स्टाइननी पियानो ठेवू की मित्र ठेवू असं विचारलं नाही, पियानोच्या आतच छाटणी केली. तुम्ही छाटणी करताय ती चुकीच्या जागी करताय ताई, फांद्या काढायच्या सोडून झाडं मोजताय. चार तुकडे एकदम शिकताय ते दोनावर आणा, ग्रेडची परीक्षा द्यायचीच असं काही नाही, हाफऐवजी दहा, आठवड्यातून एकदाच गड. त्यानं वेळ आणि दम दोन्ही उरतील. ते कुठं लावायचे ते आता सांगते, आणि यासाठीच मी एवढं लिहायला घेतलं.

मैत्रिणी. तुमच्या पत्रात त्या गेल्या असं आहे. मला विचाराल तर त्या गेलेल्या नाहीत, पहाटे साडेपाचला गडावर येऊ शकत नाहीत, एवढंच झालंय. तुम्ही चौघींची मैत्री एका वेळेला आणि एका चढाला बांधलेली होती. छान चाललं होतं, पण अट तीच ठेवून तुम्ही अजून बोलावताय. "येतेस का उद्या?" असा मेसेज गुडघा बदललेल्या बाईला जातो तेव्हा तिला काय वाटत असेल? ती नाही म्हणते, तुम्हाला वाटतं तिला इंटरेस्ट नाही, तिला वाटतं आता मी यांच्यात बसत नाही. दोघी आपापल्या घरी नाराज, आणि मधे गोडोली ते शाहूपुरी एवढंच अंतर.

गुडघा बदललेल्या माणसाला पळायला बहुतेक सर्जन नाही म्हणतात, पण चालायला हवंच असतं, सपाटीवर, रोज. मग तिच्याबरोबर चाला. तिच्या वेगानं, संध्याकाळी, गोलबागेत जाऊन राजवाड्यावर काहीतरी खा नाहीतर तिच्या कॉलनीतच चार फेऱ्या मारा. तुमच्या घड्याळात हा व्यायाम धरला जाणार नाही कदाचित. घड्याळ घरी ठेवा.

पुण्याची मैत्रीण. तुम्ही लिहिलंय ती फोन करत नाही. नातवंड सांभाळणाऱ्या बाईचा दिवस कसा असतो ते तुम्हाला माहितीय, फोन हातात असतो तेव्हा त्यावर बालगीत चालू असतं. सातारा-स्वारगेट विनाथांबा गाड्या दिवसभर असतात, तीनेक तासांचा प्रवास, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना तिकीट निम्मं आहे, म्हणजे पैशाचं कारण चालणार नाही. महिन्यातून एक वार ठरवा, दुपारी बाळ झोपतं तेवढे दोन तास तिच्याकडं बसा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत या. तिच्या घरच्यांना काय वाटेल, हा संकोच सोडा. त्यांच्या आईला कुणीतरी भेटायला येतंय याचं त्यांना बरंच वाटेल, आणि नाहीच वाटलं तर बागेत भेटा.

तिसरीचं अवघड आहे. मिस्टर जाऊन वर्ष उलटून गेलं आणि ती बाहेर पडत नाही. तुम्ही लिहिलंय, "मी दोन-तीनदा बोलावलं, मग म्हटलं तिला वेळ देऊ." बरेच जण असंच म्हणतात, आणि चांगल्या भावनेनंच म्हणतात. पण तेरा दिवस घर भरलेलं असतं, महिनाभर फोन येतात आणि मग सगळेच एकदम वेळ द्यायला लागतात. तिला बोलवू नका. जा. न विचारता नाही, "गुरुवारी चारला येतेय, चहा टाक" एवढा मेसेज टाकून जा. गुडघा-बिडघा, पियानो, कुठलंही बोला, नाहीतर नका बोलू. धावायला चल असं तर अजिबात म्हणू नका. तिचा विषय ती काढेल तेव्हा ऐका, "आता यातून बाहेर पड" हे वाक्य गिळा. पुढच्या गुरुवारी परत जा. ती खूप महिने काही खातपीत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर मात्र तिच्या मुलांशी बोला आणि डॉक्टरांपर्यंत न्या. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं.

तुम्ही म्हणाल हे सगळं मीच का करायचं, त्यांनी का नाही. खरंय, अन्यायच आहे. पण चौघींत सध्या पायानं आणि मनानं धड अशा तुम्हीच आहात, म्हणून तुम्ही करायचं, उद्या तुमचा गुडघा गेला की त्यातली कुणीतरी करेल. मैत्री या वयात भिशीसारखी चालवावी लागते. भिशीला तारीख ठरलेली असते, त्या दिवशी मूड आहे का असं कुणी विचारत नाही. आपण तरुणपणी मैत्रीला तारीख लावत नाही कारण कॉलेज, ऑफिस, मुलांची शाळा आपल्याला आपोआप भेटवत असतात, आणि तसं भेटवणारं काही उरलं नाही की आपल्याला वाटतं प्रेम आटलं.

दुसरं असं, की तुम्हाला मैत्रिणी कमी झाल्याचीच भीती वाटतेय. लॉरा कार्सटेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम यावरच आहे. वय वाढलं की माणसं ओळखीपाळखी कमी करतात, आणि ते नेहमी दुःखानं होतं असं नाही, पुष्कळदा जवळच्यांना जास्त वेळ मिळावा म्हणूनच माणूस बाकीचे सोडतो. तेव्हा तीन मैत्रिणी म्हणजे कमी नाहीत. तीन मैत्रिणी आणि भेट शून्य, हे मात्र कमी आहे.

तरी पळायला सोबत लागणारच, आणि ती या तिघींकडून आता मिळणार नाही. साताऱ्यात रविवारी पहाटे यवतेश्वरच्या रस्त्याला पळणाऱ्यांचे घोळके दिसतात, त्यात चाळिशीतल्या बायका बऱ्याच आहेत. तुम्ही लिहिलंय, "त्या पोरींच्यात मी काय करू, त्यांना माझ्यासाठी थांबावं लागेल." थांबू दे की. नाहीतर चढाला तुम्ही वीस मिनिटं आधी निघा, त्या वर गाठतील, उतरताना गप्पा मारत चालत या, तुमच्या गुडघ्यालाही तेच हवंय. आणि तीन रविवारांत "जमत नाही बाई त्यांच्यात" असा निकाल देऊ नका. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकांनी २०१८ मध्ये मोजायचा प्रयत्न केला होता, अनोळखी माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास आणि जवळचा मित्र व्हायला २०० तासांवर एकत्र वेळ जातो असं निघालं. आठवड्याला दोन तास धरले तर साध्या ओळखीच्या मैत्रीलाच सहा महिने. तुमची पहिली चौकडीही एका महिन्यात झाली नसणार, आठवून बघा.

पियानो यात कुठं बसतो? पियानोची अडचण अशी की तो एकट्याचा आहे, त्यातून हेडफोन लावून वाजवता, म्हणजे घरातल्यांनाही ऐकू येत नाही. आणि मग एकदम पन्नास पालकांसमोर कार्यक्रम. मधल्या पायऱ्याच नाहीत. आधी एका माणसासमोर वाजवा. गुडघेवाली मैत्रीण चहाला आली की दोन मिनिटांचा तुकडा, चुकला तर चुकला. पुण्याच्या मैत्रिणीला रेकॉर्डिंग पाठवा, नातीला व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवा, तिच्यासाठीच आणलेला होता ना. आणि एखादा जुना भावगीताचा मुखडा बसवून घ्या टीचरकडून, उजव्या हाताला चाल माहितीच आहे, डाव्याला दोन-तीन कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सूर, पुरतात. क्लासच्या तुकड्यांवर मैत्रिणी माना डोलावतील पण यावर गातील.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एवढंच, तुमचं धावणं नसेल, पोहणं असेल, ट्रेकिंग असेल, भजनी मंडळ असेल. सोडायच्या आधी बघा की तुम्ही नक्की काय गमावलंय, ती गोष्ट की तिच्यातली माणसं. माणसं गमावली असतील तर छंद बदलून काही होत नाही, नव्या छंदातही दोन महिन्यांनी तोच कंटाळा येतो.

मुलाला लांबून काळजी वाटते, त्याला तुमचे रिपोर्ट पाठवा, वाद घालू नका. पळायला जाताना लोकेशन शेअर करा, अंधारात एकट्या गडावर जाणं बंद करा, कुत्र्यांचं तुम्ही लिहिलंयच. तेवढ्यानं तो निम्मा गप्प बसेल.

मिस्टरांचा प्रश्न तुम्ही टोमणा म्हणून घेतलाय. असेलही. पण पत्रात दुसरीकडं तुम्हीच लिहिलंय की ते सकाळी एकटेच चहा करून घेतात आणि पेपर वाचत बसतात. कदाचित ते धावण्याबद्दल विचारतच नसतील. आठवड्यातला एक दिवस पळू नका, त्यांच्याबरोबर चारभिंतीच्या स्मारकापर्यंत चालत जा. यायला नाही म्हणाले तर परत विचारा, पुरुषांना दोनदा विचारावं लागतं.

आणि हाफ. पावसाळ्याच्या शेवटी असते, म्हणजे तयारीला हाताशी बरेच महिने आहेत. आधी तपासण्या, मग तीन महिने वर लिहिलेलं ताकदीचं आणि हलकं पळणं, मग एखादी सपाटीवरची दहा किलोमीटरची करून बघा. ती झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला आणि मनातून जावंसं वाटलं तर नाव द्या, नोंदणी लवकर भरते त्यामुळं तारखेवर लक्ष ठेवा, कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची वेळ, किती आहे तेही बघा आणि टार्गेट टाइम ठेवू नका. नाही वाटलं तर त्या दिवशी घाटाच्या पायथ्याशी पाणी वाटायला उभ्या राहा, गुडघेवालीला खुर्ची घेऊन शेजारी बसवा आणि तिसरीलाही गुरुवारच्या चहाला विचारून बघा.

सहा महिन्यांनी कळवा काय झालं ते. टायमिंग नाही कळवलंत तरी चालेल.